ॲडवेअर

ॲडवेअर : ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानात त्या संकेतस्थळाच्या नसलेल्या जाहिराती घुसवणारे, मुखपृष्ठ आणि शोधयंत्र परस्पर बदलणारे सॉफ्टवेअर. जाहिरातीवरच्या क्लिकमागे आणि वळवलेल्या शोधामागे ते पसरवणाऱ्याला पैसे मिळतात. त्यामुळे ते मशीन बंद पाडत नाही. चालू ठेवते आणि त्यावर पोट भरते.

कोल्हापुरात डीटीपी आणि फ्लेक्सच्या दुकानांना याचा धोका मोठा. गणेशोत्सवाच्या तोंडावर पेठांतल्या तालीम मंडळांचे फलक, लग्नसराईत पत्रिका, सगळे रातोरात हवे असते. ‘तसलाच फॉन्ट पाहिजे’ म्हणून गिऱ्हाईक अडून बसते आणि ऑपरेटर फुकटच्या फॉन्टच्या शोधात निघतो. डाउनलोडच्या पानावर तीन-चार मोठी हिरवी बटणे असतात. खरा दुवा कुठेतरी बारीक अक्षरात. चुकीचे बटण दाबले की फॉन्टऐवजी ‘सेटअप’ उतरतो आणि नेक्स्ट-नेक्स्ट करताना आधीच टिक केलेले दोन पाहुणे सोबत येतात. फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते, फार तर झिपमध्ये बांधलेली. फॉन्ट म्हणून ईएक्सई आली, तर तिच्यावर डबल क्लिक करू नये. क्रॅक केलेल्या डिझाइन सॉफ्टवेअरची वाटही हीच.

मशीन दुरुस्तीला येते तेव्हा वाक्य ठरलेले असते : ‘व्हायरस लागलाय, फॉरमॅट मारून टाका.’ घाई इथेच नडते. समजा, राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात महाभूलेखवर सातबारा उघडला आणि पानाच्या तळाशी रमीची जाहिरात सरकत आली. तेच पान मोबाइलवर, मोबाइलच्याच नेटवर उघडावे. तिथे ते स्वच्छ दिसले, तर जाहिरात सरकारी संकेतस्थळाची नाही, या मशीनची किंवा दुकानातल्या नेटची आहे. मग त्याच मशीनवर दुसरा ब्राउझर उघडावा. तिथे त्रास नसेल, तर मूळ बहुधा पहिल्या ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या पूरक प्रोग्रॅममध्ये असते.

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘तुमचा पीसी धोक्यात आहे’ असे चौकोन येत राहिले, तर ते पुष्कळदा ॲडवेअर नसतेच. कुठल्याशा पानाने ‘रोबो नसाल तर अलाउ दाबा’ म्हटलेले असते आणि आपण दाबलेले असते. चौकोनात ब्राउझरचे आणि त्या साइटचे नाव बारीक अक्षरात दिसते. सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली की काम संपते. दोन मिनिटांच्या या कामासाठी फॉरमॅट मारून वर्षानुवर्षांच्या डिझाइन गमावणे मला फार वाईट वाटते.

हा प्रकार केवळ फुकट्या डाउनलोडचा नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही नव्या लॅपटॉपवर सुपरफिश नावाचे सॉफ्टवेअर आधीच बसवलेले असल्याचे उघड झाले. त्याने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (संकेतस्थळाची ओळख खरी मानण्यासाठी संगणक ज्यावर भरवसा ठेवतो ते) घालून बँकांच्या कुलूपबंद पानांतही डोकावण्याची सोय करून ठेवली होती. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने फायरबॉल या ॲडवेअरची २५ कोटी संगणकांना लागण झाल्याचा आणि त्यांत भारतातले अडीच कोटींहून अधिक असल्याचा अंदाज दिला. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला ठरवला.

सफाईत क्रम महत्त्वाचा. सर्वांत आधी ब्राउझरच्या खात्याचे सिंक, म्हणजे सेटिंग्ज खात्यात साठवून प्रत्येक मशीनवर उतरवण्याची सोय, बंद करावे. एक्स्टेन्शनची यादी खात्यात साठलेली असते. त्यामुळे फॉरमॅट मारूनही लॉग-इन करताच तीच कीड परत येते आणि दोष दुरुस्तीवाल्याच्या माथी जातो. मग विंडोजमधील प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावावी आणि त्रास सुरू झाला त्या दिवशी आलेले अनोळखी प्रोग्रॅम काढावेत. प्रोग्रॅम तसाच ठेवून एक्स्टेन्शन काढले, तर तो ते पुन्हा बसवू शकतो.

त्यानंतर सगळी एक्स्टेन्शन बंद करून एकेक चालू करावीत. जाहिरात परतली, की गुन्हेगार सापडला. ‘सर्व संकेतस्थळांवरील सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी कूपनवाल्या किंवा पीडीएफवाल्या एक्स्टेन्शनकडे दिसली, तर संशय धरावा. काढण्याचे बटणच चालत नसेल आणि ब्राउझर ‘तुमची संस्था व्यवस्थापित करते’ असे म्हणत असेल, तर ब्राउझरवर बंधन घालणाऱ्या धोरणाची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, घातलेली असू शकते. ती जाणकाराकडून काढून घ्यावी. काही अँटिव्हायरसही अशी नोंद करतात, हे मात्र आधी तपासावे.

शॉर्टकटकडे सहसा कुणी पाहत नाही. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ‘टार्गेट’च्या चौकटीत क्रोमच्या ईएक्सईनंतर एखाद्या साइटचा पत्ता चिकटलेला असेल, तर तेवढाच भाग पुसावा. प्रॉक्सी (नेटची ये-जा दुसऱ्या संगणकामार्फत वळवणारी सेटिंग) कुणी परस्पर चालू केली आहे का, टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, ब्राउझर उघडणारे काम लावले आहे का, हेही बघावे. शेवटी मालवेअरबाइट्सच्या स्वतःच्या साइटवरून ॲडव्हक्लीनर हे मोफत साधन घेऊन फिरवावे आणि ब्राउझर रीसेट करावा. ‘ॲडवेअर रिमूव्हर’ नावाने दिसेल ते उतरवू नये. त्या नावाखाली ॲडवेअरच विकले गेले आहे. ॲडब्लॉकर घातल्याने जाहिरात झाकली जाते, मूळ तसेच राहते.

सफाई झाल्यावर बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलावेत, तेही स्वच्छ मशीनवरून.

दुकानातल्या सगळ्या मशीनवर आणि वायफायला जोडलेल्या मोबाइलवरही तीच जाहिरात दिसत असेल, आणि मोबाइलच्या नेटवर ती गायब होत असेल, तर राउटर बघावा. त्यातला डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता बदललेला असू शकतो. अशा वेळी राउटर फॅक्टरी रीसेट करून त्याचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे आणि डब्यासोबत आलेला ॲडमिन पासवर्ड लगेच बदलावा.