स्मोंगची गोष्ट सातवीच्या वर्गात

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाचं केंद्र इंडोनेशियातल्या सिमेलुए बेटाच्या अगदी जवळ होतं. बेटाच्या उत्तरेकडच्या लांगी गावात हादरे थांबल्यावर जेमतेम आठ मिनिटांत त्सुनामी येऊन थडकली. लाटांची उंची दहा मीटरच्या वर होती. भोंगा वाजला नाही, कुठून इशारा आला नाही. तरीही लांगीत एकही माणूस दगावला नाही. अख्ख्या बेटावर सुमारे ७८ हजार वस्ती, त्यातले सात जण गेले. याच आचे प्रांतात, समोरच्या सुमात्रा बेटावर मात्र मृतांचा आकडा दीड लाखाच्या पुढे गेला.

१९०७ साली या बेटावर अशाच लाटेनं हाहाकार माजवला होता. वाचलेल्यांनी तिला ‘स्मोंग’ म्हटलं आणि तिची गोष्ट पोराबाळांना सांगत राहिले, गाण्यांतूनही: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला, की डोंगर गाठायचा. डोंगर गावालगत होते हे खरंच, पण कधी पळायचं ते ९७ वर्षांच्या या गोष्टीनं सांगितलं.

आपल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या धड्यात सूचनांची यादी असते. ती पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरते. १९६९ साली बॉवर आणि क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी काहींना असंबद्ध शब्दांच्या याद्या गोष्टीत गुंफून लक्षात ठेवायला सांगितलं. त्यांना नंतर ९३ टक्के शब्द आठवले, नुसत्या याद्या शिकलेल्यांना १३ टक्के. गोष्टीत एकामागून एक काय घडलं याचा धागा असतो, एक टोक सापडलं की पुढचं आपोआप येतं.

पण सातवी-आठवीच्या मुलांना नुसती गोष्ट पुरत नाही, त्यामागचं कारणही हवं. २००४ मध्ये सुमात्राच्या बाजूला समुद्रतळ खचला, म्हणून तिकडे आधी लाटेचा खळगा पोहोचला आणि पाणी ओसरलं. तमिळनाडूकडे आधी उंचवटाच आला. पाणी ओसरण्याची वाट पाहणारा तिथं फसला असता. लाटेचं शृंग (उंचवटा) आणि गर्त (खळगा) शिकणाऱ्या मुलांना हे सहज कळतं.

जपानमधल्या कामाइशी शहरातल्या मुलांनाही असंच शिकवलं होतं: त्सुनामीचं पाणी कुठवर येईल ते दाखवणाऱ्या नकाशावर विसंबू नका. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर त्सुनामी येणार म्हणून तिथले माध्यमिक शाळेचे विद्यार्थी शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या लहानग्यांना हाताला धरून पळाले. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, म्हणून ती सगळी आणखी वर गेली. थोड्याच वेळात ती ठरलेली जागा पाण्याखाली गेली. चिवटपणा म्हणतात तो मला इथं दिसतो, ठरलेलं मोडलं तरी पुढचं पाऊल सुचण्यात.

आपल्याला त्सुनामीपेक्षा दरड जवळची. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं. जमिनीला नव्या भेगा पडणं, झाडं-खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, ही दरडीची लक्षणं आहेत. सह्याद्रीच्या कुशीतल्या शाळांनी मुलांना गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवावं. पूर्वी डोंगर कुठे सुटला होता, त्याआधी काय दिसलं होतं आणि लोक कुठल्या वाटेनं निघाले, हे मुलांनी विचारून यावं आणि गावाच्या नकाशावर स्वतः काढावं.