नाव पुसलं, तरी माणूस सापडतो

रात्री फैजपूर. सकाळी सातला सावद्याजवळ केळीच्या बागेत, गाडी भरायला. दुपारी भुसावळ स्टेशन. संध्याकाळी जळगावचं गोलाणी मार्केट. या चार वेळी या चारही जागी हजर असलेली माणसं अख्ख्या रावेर-यावल पट्ट्यात किती निघतील? बहुधा एकच.

२०१३ साली इव्ह-अलेक्झांद्र द माँजॉय आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या एका छोट्या देशातल्या १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नावं, नंबर काढून टाकलेले. उरलं होतं एवढंच: कोणत्या तासाला फोन कोणत्या टॉवरखाली होता. त्यातले कुठलेही चार ठिपके (एक ठिपका म्हणजे एक वेळ आणि एक जागा) घेतले की ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी निघत. निम्म्याहून जास्त जणांना तर दोनच ठिपके पुरले!

आपल्या सातपुड्यात एकेक टॉवर केवढा तरी मुलूख सांभाळतो, तिथे कोण कुणाला ओळखणार, असं वाटेल. मला या अभ्यासातला सगळ्यात चक्रावणारा भाग हाच वाटतो. नोंद ढोबळ केली की माणूस झाकला जातो खरा, पण अगदी सावकाश. नोंद दहापट ढोबळ केली, तरी हे वेगळेपण साधारण पाचव्या हिश्श्यानेच घटतं. टॉवर एक असला, तरी तुमचा दिनक्रम दुसऱ्या कुणाचा नसतो.

म्हणून ‘आम्ही नाव साठवत नाही’ या वाक्यावर फार विसंबू नये. अँड्रॉइड फोनला एक जाहिरात आयडी असतो. वेगवेगळी अ‍ॅप्स तोच आयडी वाचतात, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी गोळा केलेली माहिती एका माणसाच्या खात्यावर जमते. रोज रात्रीचा ठिपका म्हणजे घर, हे कळायला माइक उघडून तुमचं बोलणं ऐकावं लागत नाही.

मग सोडून द्यावं का सगळं? बऱ्हाणपूरचा केळीचा भाव व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतो, व्यापारीही तिथेच. माल कापणीला आलेला शेतकरी ग्रुप सोडेल कसा? या अडकलेपणाचाच फायदा कंपन्यांना मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या ‘मान्य करा नाहीतर निघा’ छापाच्या अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३.१४ कोटींचा दंड लावला, मेटा अपिलात गेली. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज २०१६ पासून कुलूपबंद आहेत, कंपनीलाही वाचता येत नाहीत, पण कोण कुणाशी कधी बोललं, हे त्या कुलपाबाहेर राहतं.

अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये जाहिरात आयडी पुसता येतो. हवामानाच्या अ‍ॅपला अंदाजे लोकेशन पुरतं, आणि ‘नेहमी’ऐवजी ‘अ‍ॅप वापरताना’ एवढीच परवानगी दिली तर रात्रीचा ठिपका त्याच्या हाती सहसा लागत नाही. मोबाइल कंपनीकडची टॉवरची नोंद मात्र, विमान मोड सोडला तर, कुठल्याच सेटिंगने थांबत नाही. फोन लागायचा तर तो कोणत्या टॉवरखाली आहे, हे तिला कळावंच लागतं.