अणुबॉम्बचा चोरबाजार आणि न पुसली गेलेली धूळ

ऑगस्ट २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे (आयएईए) निरीक्षक तेहरानमधल्या ‘कलाये इलेक्ट्रिक’ या कार्यशाळेत पोहोचले, तेव्हा तिथे बरेच फेरबदल उरकले होते. निरीक्षकांनी सुती कापडाचे स्वच्छ तुकडे जागोजागी फिरवले, पिशव्यांत बंद केले आणि तपासणीला पाठवले. त्यांवर युरेनियमचे कण सापडले, आणि त्यांतले काही उच्च प्रतीचे समृद्ध युरेनियम (म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेले) होते. इराणच्याच नतान्झ इथल्या समृद्धीकरण केंद्राच्या नमुन्यांतही त्याच वर्षी असे कण मिळाले होते.

युरेनियमचा एक कण केवढा? मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असला तरी पुरतो. वस्तुमान वर्णपटमापक हे उपकरण त्यातल्या युरेनियम-२३५ आणि युरेनियम-२३८ या दोन प्रकारच्या अणूंचे प्रमाण मोजते आणि त्यावरून तो कण कोणत्या प्रक्रियेतून गेला आहे हे कळते. खाणीतून आलेल्या युरेनियममध्ये २३५ चे प्रमाण जेमतेम ०.७ टक्के असते. वीजनिर्मितीच्या अणुभट्टीला साधारण ३ ते ५ टक्के लागते, बॉम्बसाठी सुमारे ९० टक्के. कण हे प्रमाण बदलून सांगू शकत नाही.

इराणने आधी आपले काम पूर्णपणे स्वदेशी असल्याचे सांगितले होते. आता तो म्हणू लागला की हे कण आमचे नव्हेत, बाहेरून घेतलेल्या जुन्या सुट्या भागांवरून आले आहेत. एका गोष्टीतून सुटण्यासाठी दुसरी कबूल करावी लागली. २००५ मध्ये, हे भाग जिथून आले असावेत त्या पाकिस्तानने आपल्याकडचे जुने भाग आयएईएला तपासायला दिले आणि बहुतांश कणांचे मूळ परदेशी असल्याच्या इराणच्या म्हणण्याला त्या तपासणीतून बळ मिळाले.

हे सुटे भाग सेंट्रिफ्यूजचे होते. युरेनियम-२३५ आणि २३८ रासायनिक दृष्ट्या जवळपास सारखेच वागतात, त्यामुळे ते नेहमीच्या रासायनिक पद्धतीने वेगळे होत नाहीत. फरक फक्त वजनाचा. युरेनियम हेक्साफ्लोराइड या वायूच्या रेणूंत तो १ टक्क्याहूनही कमी भरतो. हा वायू निर्वात आवरणातल्या नळकांड्यात भरून मिनिटाला हजारो फेरे या वेगाने फिरवला की जड रेणू कडेला किंचित जास्त जमतात. एका यंत्रात होणारा फरक अगदी थोडा, म्हणून हजारो यंत्रे साखळीत जोडावी लागतात. नळकांड्याची कड ध्वनीपेक्षा वेगाने धावते. तोल जरासा ढळला तरी यंत्राच्या चिंधड्या उडतात.

इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. नैसर्गिक युरेनियमचे १००० अणू घेतले तर त्यांत २३५ चे ७ असतात. ते सातही राखून २३८ चे ८०० अणू बाहेर काढले की उरलेल्या २०० मध्ये प्रमाण ३.५ टक्के होते, म्हणजे भट्टीचे इंधन तयार. आणखी १६५ काढले की २० टक्के. आणि तिथून बॉम्बच्या प्रमाणापर्यंत जायला जेमतेम २७ अणू काढायचे राहतात. प्रत्यक्षात थोडी गळती होतेच, पण चित्र हेच. ‘फक्त विजेसाठी’ उभारलेल्या कारखान्यात बॉम्बकडे जाणारी बहुतेक वाट आधीच चालून झालेली असते, म्हणून जग सेंट्रिफ्यूजकडे एवढ्या धास्तीने पाहते.

हे तंत्र पाकिस्तानात गेले ते अब्दुल कादीर खान यांच्यामार्फत. खान धातुशास्त्रज्ञ होते. १९७२ पासून ते ॲमस्टरडॅममधल्या एका कंपनीत होते आणि ती कंपनी ब्रिटन, पश्चिम जर्मनी व नेदरलँड्स यांच्या ‘युरेन्को’ या संयुक्त उद्योगासाठी काम करी. सेंट्रिफ्यूजची गोपनीय कागदपत्रे भाषांतराच्या निमित्ताने त्यांच्या हाती आली. डिसेंबर १९७५ मध्ये ते मायदेशी गेले आणि पुढे काहुटाचा युरेनियम समृद्ध करणारा प्रकल्प उभा राहिला. आराखडे चोरीला गेले याचीच चर्चा फार होते. माझ्या मते त्याहून मोलाची होती पुरवठादारांची माहिती, म्हणजे कोणता पोलाद कोण बनवतो, निर्वात झडपा कोणाकडे मिळतात. यातल्या बऱ्याच वस्तू दुहेरी वापराच्या, म्हणजे साध्या उद्योगालाही चालणाऱ्या असतात. मोटारींचा वेग नियंत्रित करणारी विद्युत उपकरणे ब्रिटनमधून कापडगिरणीच्या नावाखाली मागवली गेली होती.

खरेदीसाठी विणलेले हे जाळे १९८० च्या दशकात विक्रीला लागले. इराण, उत्तर कोरिया आणि लिबिया ही त्याची गिऱ्हाइके. दुबईतून व्यवहार चाले आणि मलेशियातल्या कारखान्यात सुटे भाग बनत. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे निघालेले ‘बीबीसी चायना’ हे जहाज इटलीतल्या तारांतो बंदराकडे वळवले गेले आणि त्यावर सेंट्रिफ्यूजचे भाग सापडले. १९ डिसेंबरला लिबियाने आपला कार्यक्रम सोडत असल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २००४ मध्ये खान यांनी पाकिस्तानच्या दूरचित्रवाणीवर कबुली दिली. मुशर्रफ यांनी त्यांना माफी दिली आणि नंतरची काही वर्षे ते नजरकैदेत राहिले.

लिबियाने १०,००० सेंट्रिफ्यूजची मागणी नोंदवली होती, बॉम्बचे आराखडेही घेतले होते, तरीही युरेनियमचा एक ग्रॅमसुद्धा समृद्ध केला नाही. यंत्र विकत मिळते. ते जुळवणारा, तोलणारा, बिघाड कानाने ओळखणारा कारागीर त्या पेटीत येत नाही. प्रसार रोखण्यात या अडचणीचा वाटा कोणत्याही करारापेक्षा कमी नाही, असे मला वाटते. एप्रिल २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव १५४० करून अशा व्यापाराविरुद्ध कायदे करणे सगळ्या देशांना बंधनकारक केले, तेही आवश्यकच होते. मात्र त्याआधी या जाळ्याने वर्षानुवर्षे धंदा केला.

आज मला जास्त चिंता वाटते ती कागदाची जागा घेणाऱ्या फायलींची. या जाळ्यातल्या लोकांकडे स्वित्झर्लंडमध्ये संगणकावर साठवलेले अण्वस्त्रांचे आराखडे सापडले. मे २००८ मध्ये स्विस सरकारने जाहीर केले की आयएईएच्या देखरेखीखाली ही सामग्री नष्ट करण्यात आली आहे. त्याआधी या फायलींच्या किती प्रती निघाल्या असतील, हे कापडाच्या कोणत्याही तुकड्यावर उमटत नाही.