मिरीच्या वखारींत चित्रं कशी आली : कोचीच्या कलास्थळांची पार्श्वभूमी

फोर्ट कोचीला जाणारा मराठी पर्यटक बहुधा ठरलेल्या वाटेने फिरतो. चिनी जाळ्यांपाशी फोटो, मग सेंट फ्रान्सिस चर्च, संध्याकाळी कथकली आणि वेळ उरलाच तर मट्टांचेरीचा ‘डच पॅलेस’. हा क्रम उलटा असावा असं माझं मत आहे. सुरुवात राजवाड्यापासून केली की बाकीचं गाव आपोआप उलगडत जातं. कारण इथे चित्रं पाहायच्या बहुतेक जागा चित्रांसाठी बांधलेल्याच नाहीत. त्या मिरीच्या व्यापारातून, त्या व्यापाराच्या भांडणांतून आणि शेवटी तो व्यापार दुसरीकडे गेल्यामुळे मिळाल्या आहेत.

कोची हे मलबारचं मूळचं मोठं बंदर नव्हे. तो मान उत्तरेकडच्या मुझिरिसचा, म्हणजे आजच्या कोडुंगल्लूर परिसराचा होता. १३४१ मध्ये पेरियार नदीला महापूर आला, तिकडचं मुख गाळाने भरलं आणि कोचीची खाडी जहाजांना मोकळी झाली, असं इतिहासकार मानतात. १५०० मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल कालिकतच्या सामुद्रीशी, म्हणजे तिथल्या राजाशी (झामोरिनशी), भांडून खाली कोचीला आला. इथल्या राजालाही सामुद्रीचा जाच होताच, त्यामुळे दोघांचं जमलं. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला बांधला आणि आत लाकडी चर्च उभारलं. पुढे दगडात बांधलेलं तेच आजचं सेंट फ्रान्सिस. वास्को द गामा १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला आणि त्याला इथेच पुरलं. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, त्यामुळे गर्दी ज्या कबरीभोवती होते ती रिकामी आहे.

मट्टांचेरीचा वाडाही पोर्तुगीजांनीच १५५५ च्या सुमारास बांधून राजा वीर केरळ वर्माला दिला. जवळचं एक देऊळ त्यांच्या लोकांनी लुटलं होतं, त्यावर राजाची समजूत घालायला ही भेट दिली, असं सांगतात. व्यापारी सवलतींवर डोळा होता हे वेगळं सांगायला नको. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली, वाड्याची डागडुजी केली आणि नाव मात्र त्यांचंच चिकटलं. मूळ बांधणारे बाजूला राहून दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाने इमारत ओळखली जावी, हा मामला मोठा मजेशीर आहे. बाहेरून वाडा साधा, जवळजवळ कचेरीसारखा दिसतो. आत मात्र केरळी नालुकेट्टू (चौसोपी) पद्धतीचा चौक आहे आणि चौकात पळयन्नूर भगवतीचं देऊळ.

खरा ऐवज राजाच्या शयनगृहात आहे. तिथल्या भिंतींवर सुमारे ४८ प्रसंगांत रामायण रंगवलं आहे, दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून राम अयोध्येला परतेपर्यंत. यातला जुना भाग सोळाव्या शतकातला मानतात. इतर दालनांतली आणि तळमजल्यावरच्या स्त्रियांच्या खोल्यांतली शिव-मोहिनी, गोवर्धनधारी कृष्ण, गोपींमध्ये रमलेला कृष्ण ही चित्रं पुढच्या काळातली. केरळी भित्तिचित्रांत रंग मोजके: तांबडा, पिवळा, हिरवा, काळा, आणि पांढऱ्यासाठी भिंतीचा चुनाच. तांबडा आणि पिवळा जांभ्याच्या मातीतून काढत. तोच जांभा आपल्या कोकणात घरांच्या भिंतींना वापरतात, हे आठवलं की त्या लालीकडे वेगळ्याच ओळखीने पाहिलं जातं. हिरवा वनस्पतींपासून, काळा काजळीचा. आकृत्या एकमेकींना इतक्या खेटून काढल्या आहेत की मोकळी जागा शोधावी लागते. घाईघाईत पाहिलं तर नुसता लाल-पिवळा पसारा दिसतो. एका कोपऱ्यापासून प्रसंग लावत गेलं की रामायण वाचता येतं. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे माणसं निदान बघतात तरी.

वाड्याशेजारीच ज्यू टाऊन आहे. तिथलं ‘परदेशी’ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८ मधलं, राजाने दिलेल्या जागेवर, वाड्याच्या आवारातल्या देवळाला खेटून. खालच्या फरशा चीनमधून आलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या. घड्याळाचा मनोरा १७६० चा. इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. मराठी वाचकाला इथे एक धागा सापडतो: एकोणिसाव्या शतकात कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला धर्मशिक्षण द्यायला शिक्षक आले ते कोचीहून.

दुसरा धागा चेरलाई भागात. सोळाव्या शतकात गोव्यातून पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे स्थिरावली. तिरुमला देवस्वम हे त्यांचं मोठं देऊळ आणि घरची भाषा अजून कोंकणी. डच गव्हर्नर व्हान रीडेने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ करवून घेतला, तो १६७८ ते १६९३ दरम्यान आम्स्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी माहिती पुरवली. या तिघांचं कोंकणीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलं आहे. छापील नागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. गाइड मंडळी याबद्दल क्वचितच बोलतात.

१७९५ मध्ये इंग्रज आले आणि १८०६ मध्ये त्यांनी किल्ल्याची तटबंदी पाडली. पाण्याकाठी वखारी वाढल्या. १८६७ मध्ये सुरू झालेल्या ॲस्पिनवॉल कंपनीच्या आवारातून खोबरेल, मिरी, आलं, सुंठ, काथ्या बाहेर जाई. त्या काळी मोठी जहाजं खोल समुद्रात उभी राहत आणि माल होड्यांनी ने-आण होई. १९२० मध्ये आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनियरने खाडीच्या तोंडाचा वाळूचा बांध कापला आणि उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभं केलं. नवं बंदर तिकडे गेलं आणि मट्टांचेरी-फोर्ट कोचीच्या काठावरच्या वखारी हळूहळू मागे पडल्या. बाजार रोडवर मसाल्याची उलाढाल अजून आहे, पण पाण्याकाठच्या बऱ्याच इमारती ओस पडल्या.

या ओस इमारतींना काम मिळालं ते मुंबईच्या वाटेने. बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघे मूळचे केरळचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि मुंबईत काम करणारे चित्रकार. १२ डिसेंबर २०१२ रोजी, १२-१२-१२ असा मुहूर्त साधून, त्यांनी कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन-एक वर्षांनी भरणारं समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, सुरू केलं. नावात गाळात गेलेलं जुनं बंदर मुद्दाम ठेवलं. ॲस्पिनवॉल हाऊस आणि पेप्पर हाऊस (पेप्पर म्हणजे मिरी) ही मुख्य दालनं झाली. पहिल्याच वेळी सरकारी पैशांवरून वादंग माजला, पण लोक आले, रिक्षावाल्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत. पुढच्या दोन खेपांचे क्युरेटर (प्रदर्शनाची निवड-मांडणी करणारे) जितीश कल्लाट (२०१४) आणि सुदर्शन शेट्टी (२०१६) हेही मुंबईचे आणि जे. जे.चेच. डिसेंबर २०२५ ची खेप गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेस या कलाकारांच्या गटाबरोबर कलावंत निखिल चोप्रांकडे गेली. गोव्यातून निघालेल्यांना आसरा देणाऱ्या गावात गोव्याहून क्युरेटर यावा, हा योगायोग मला तरी आवडला.

बिएनाले दर दोन-एक वर्षांनी हिवाळ्यात असतं. ते नसताना गेलात तरी ॲस्पिनवॉलच्या काठावरचा रस्ता आणि डच काळातला डेव्हिड हॉल पाहता येतो. राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शनिवारी, म्हणून दोन्ही एका दमात पाहायचं तर रविवार ते गुरुवार यांतला दिवस घ्यावा. चिनी जाळी चीनच्या दर्यावर्दींनी आणली की पोर्तुगीजांनी मकावहून, हा वाद तिथले कोळी आनंदाने ऐकवतात, आणि जाळं ओढायला लावून वर बक्षिसीही मागतात.