शार्लोट काल्ला आणि स्कीखालचा पाण्याचा पापुद्रा

१५ फेब्रुवारी २०१४. रशियातल्या सोची इथे महिलांची ४ × ५ किलोमीटर क्रॉस-कंट्री रिले, म्हणजे बर्फाळ चढ-उतारांवर स्कीवरून, चौघींनी पाळीपाळीने पार करायची शर्यत. इडा इंगेमार्सडॉटर, एम्मा विकेन आणि आना हॉग यांचे टप्पे संपले आणि स्वीडनची शार्लोट काल्ला शेवटच्या ५ किलोमीटरला निघाली, तेव्हा आघाडी तिच्यापासून २५.७ सेकंद पुढे होती. पुढे फिनलंडची क्रिस्टा लाहतेनमाकी आणि जर्मनीची डेनिस हेरमान. निकाल लागला तो असा: स्वीडन ५३ मिनिटं २.७ सेकंद, फिनलंड अर्ध्या सेकंदाने मागे, जर्मनी ०.९ सेकंदाने. स्वीडिश महिलांनी याआधी रिलेचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं होतं १९६० मध्ये.

त्या दिवशी सरासरी एक टप्पा सव्वातेरा मिनिटांचा पडला. त्यातले २५.७ सेकंद म्हणजे सुमारे ३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या दर्जाच्या खेळाडूंमध्ये ३ टक्के म्हणजे मोठी दरी आहे. तीही भरून काढायची एकटीने. पुढच्या दोघींना एकमेकींच्या आडोशाने वारा टाळता येतो, मागून पाठलाग करणारीला तो आडोसा नसतो. मग ही ताकद येते कुठून आणि खर्च कुठे होते?

साधा हिशोब करू. ६० किलो वजनाची खेळाडू सपाटीवर सेकंदाला ६.७ मीटर वेगाने जाते आहे आणि स्की व बर्फ यांच्यातला घर्षणांक ०.०३ आहे असं धरा. घर्षणाचा विरोध होतो सुमारे १८ न्यूटन आणि त्यावर मात करायला लागतात १२० वॅट. आता बर्फ थोडं बिघडलं आणि घर्षणांक ०.०४ झाला, तर आणखी ४० वॅट मोजावे लागतात. हे ४० वॅट फुप्फुसांनी आणि मांड्यांनी पुरवायचे, तेही आधीच कमाल मर्यादेजवळ काम चालू असताना. म्हणूनच स्कीचा तळ हा या खेळात निम्मा खेळाडू आहे, असं माझं मत आहे.

हा तळ दाट पॉलिथिलीनचा असतो. स्की सरकते तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने बर्फाच्या कणांची टोकं वितळतात आणि पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. तोच वंगणाचं काम करतो. कडाक्याच्या थंडीत हा पापुद्रा अपुरा पडतो, कोरडे टोकदार स्फटिक तळाला घासतात. अशा वेळी तळाला लावायला कडक मेण आणि अगदी बारीक रेघांचा तळ लागतो. उलट ऊन पडून बर्फ पाणचट झालं, की पाणी गरजेपेक्षा जास्त होतं आणि ओल्या काचेवर दुसरी काच चिकटावी तशी स्की खाली ओढली जाते. त्यावर उपाय म्हणजे तळावर जाड, खोल रेघा. यंत्रावरच्या दगडाने त्या कोरतात किंवा ऐनवेळी हातातल्या रोलरने उमटवतात. पाण्याला निसटायला वाट मिळाली की ओढ कमी होते.

सोचीत त्या दिवशी ऊन होतं आणि बर्फ मऊ झालं होतं. विजयाची दावेदार असलेली नॉर्वे पाचवी आली. त्यांच्या स्की नीट घसरतच नव्हत्या.

मेण लावण्याची कृती ऐकायला सोपी आहे. तळ स्वच्छ करायचा, इस्त्रीने मेण वितळवून पसरायचं, स्की खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, प्लास्टिकच्या खरवडणीने जादा मेण काढायचं आणि मग टोकाकडून शेपटीकडे ब्रश फिरवायचा. चुका ठरलेल्या असतात. इस्त्री एका जागी थांबली तर तळ भाजतो, आणि मग तिथे मेण शोषलं जात नाही. खरवडण अर्धवट राहिली तर रेघा मेणाने बुजतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. अनेकांना वाटतं की जास्त मेण म्हणजे जास्त वेग. खरं तर तळात मुरलेलं मेणच कामाचं, वर उरलेलं मेण अडथळाच करतं.

काल्लाचा जन्म १९८७ मधला. ती वाढली आर्क्टिक वर्तुळाच्याही उत्तरेला असलेल्या तेरेन्डो गावात. २००८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने टूर द स्की ही अनेक टप्प्यांची स्पर्धा जिंकली, तीही इटलीतल्या आल्पे चेर्मिसच्या चढावर फिनलंडच्या विर्पी कुइतुनेनला मागे टाकून. तिथे गणित वेगळं असतं. उतार इतका तीव्र आणि वेग इतका कमी, की वारा आणि मेण दुय्यम ठरतात. शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला किती ऑक्सिजन वापरता येतो, हे निर्णायक ठरतं.

२०१० मध्ये व्हँकुव्हरला १० किलोमीटर मुक्त शैलीत, म्हणजे पाय बाजूला रेटत जाण्याच्या शैलीत, तिने २४ मिनिटं ५८.४ सेकंदांत सुवर्ण मिळवलं. हा ताशी २४ किलोमीटरचा सरासरी वेग आहे, आणि तो चढ-उतारांवर. एस्टोनियाची क्रिस्टिना श्मिगुन-व्हाही ६.६ सेकंद, म्हणजे साधारण ४४ मीटर मागे होती.

मला सर्वांत रोचक वाटते ती स्कीअथलॉन. २०१४ मध्ये नॉर्वेच्या मारिट ब्योर्गेनने तिला १.८ सेकंदांनी हरवलं. २०१८ मध्ये प्योंगचांगला काल्लाने तिलाच ७.८ सेकंदांनी मागे टाकून त्या खेळांतलं पहिलंच सुवर्ण घेतलं. यात पहिले ७.५ किलोमीटर पारंपरिक शैलीत जायचं आणि मग मैदानातच स्की व काठ्या बदलून पुढचे ७.५ किलोमीटर मुक्त शैलीत. पारंपरिक स्की मधोमध वर उचललेली असते आणि त्या भागात पकडीचं मेण असतं. पायाचा जोर पडला की तो भाग बर्फाला टेकतो आणि पाय मागे घसरत नाही, जोर सुटला की स्की पुन्हा मोकळी सरकते. स्की खेळाडूला जास्त मऊ पडली तर पकडीचं मेण सतत घासत राहतं. जास्त ताठ पडली तर चढावर पाय मागे सटकतो. मुक्त शैलीत पाय बाजूला रेटायचे असतात, म्हणून तिथे स्की आखूड, पकडीचं मेण नाही आणि काठ्या लांब.

दरम्यान २०१५ मध्ये फालुनच्या विश्वस्पर्धेत, भर बर्फवृष्टीत, तिने १० किलोमीटर तब्बल ४१ सेकंदांच्या फरकाने जिंकले. २०२२ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा खात्यात ३ सुवर्ण आणि ६ रौप्य अशी ९ ऑलिंपिक पदकं होती. त्यानंतर २०२३-२४ च्या हंगामापासून फ्लोरिनयुक्त मेणांवर जागतिक स्की महासंघाची बंदी लागू झाली, कारण ती रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत. ओल्या बर्फात पाणी झटकण्यात या मेणांचा हात धरणारं दुसरं काही नव्हतं. आता सोचीसारख्या दिवशी सगळी भिस्त तळावरच्या रेघांवर आणि स्कीच्या योग्य ताठरपणावर असते.