‘व्हॉइड मेन’ चालायचं कसं?

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलेल्या अनेकांना टर्बो सी या कंपायलरचा, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या सॉफ्टवेअरचा, तो निळा पडदा आठवत असेल. प्रोग्रॅम ‘व्हॉइड मेन’ने, म्हणजे काहीही परत न करणाऱ्या मुख्य फंक्शनने, सुरू व्हायचा आणि तोंडी परीक्षेत पूर्णांकांच्या साध्या टाइपबद्दल ‘इंट किती बाइटचा?’ असं विचारलं की ‘दोन’ हे उत्तर ठरलेलं. हे दोन्ही त्या कंपायलरचे गुण. आपण ते सी भाषेचे समजून पाठ केले.

१९७८ मध्ये ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचं सीवरचं पुस्तक आलं आणि पुढची दहाएक वर्षं तेच मानकासारखं वापरलं गेलं. पण बारीकसारीक प्रश्नांवर त्यात नेहमीच उत्तर सापडत नसे. लहान अनसाइन्ड (ऋण न होणारी) संख्या हिशेबात आली की ती अनसाइन्डच ठेवायची की साध्या इंटमध्ये बदलायची, यावरही कंपायलरांमध्ये एकमत नव्हतं. एका मशीनवरचा प्रोग्रॅम दुसरीकडे वेगळं उत्तर देई. अखेर १९८३ मध्ये अमेरिकेत आन्सी या मानक संस्थेची एक्स३जे११ ही समिती बसली. मानक मंजूर व्हायला १९८९ चा डिसेंबर उजाडला. १९९० मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनेही ते स्वीकारलं.

मानकाबरहुकूम कंपायलर कशाला म्हणायचं, हे त्यात लिहून ठेवलं आहे आणि अटी वाटतात त्यापेक्षा मोजक्या आहेत. काटेकोरपणे चौकटीत बसणारा प्रोग्रॅम त्याने स्वीकारलाच पाहिजे. व्याकरणाचा किंवा घालून दिलेल्या बंधनाचा भंग झाला, तर निदान एक तरी संदेश दिला पाहिजे. जिथे निवड त्याच्यावर सोपवली आहे, तिथे काय निवडलं ते माहितीपत्रकात नोंदवलं पाहिजे. संदेश देऊन झाल्यावर तोच सदोष प्रोग्रॅम त्याने पुढे नेला, तरी नियम मोडत नाही. मला ही तरतूद शहाणपणाची वाटते, कारण साठलेला जुना कोड एका रात्रीत निकामी करणारं मानक कुणी मनापासून पाळलं नसतं.

तडजोडी बऱ्याच झाल्या. जुन्या लिंकरांना, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्या साधनांना, लांब नावं पेलत नसत, म्हणून फायलींमध्ये सामायिक नावांची पहिली सहाच अक्षरं वेगळी ओळखण्याची सक्ती ठेवली गेली. इंटला −३२७६७ ते ३२७६७ एवढा पल्ला हवा, इतकीच अट. त्यात दोन बाइट बसतात, चारही बसतात.

‘व्हॉइड मेन’चं गूढही इथेच उकलतं. १९८९ च्या मानकातला मेन इंट परत करतो. दुसरं काही लिहिलं तर पुढे काय होईल याची हमी मानक देत नाही, पण तसा इशारा देण्याची सक्तीही कंपायलरवर करत नाही. कंपायलर गप्प राहिला, यावरून प्रोग्रॅम बरोबर ठरत नाही.

आजही जीसीसी या कंपायलरला वेगळं काही सांगितलं नाही, तर तो सी स्वतःच्या, मानकात भर घातलेल्या जीएनयू बोलीतच वाचतो. मानकाचं वर्ष नेमून दिलं आणि ‘पेडँटिक’ हा काटेकोर तपासणीचा पर्याय जोडला, की ‘व्हॉइड मेन’ पाहून तो इशारा देतो: मेनचा परतीचा टाइप इंट नाही. आणि मग चालणारी फाइल बनवूनही देतो.