फिटिंग फ्री, वेटचे पैसे वेगळे : टायरच्या बिलामागची पार्श्वभूमी

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. पाच हजारांचा टायर घेणाऱ्याचे चार टायरमागे दीडेक हजार रुपये त्यात वाचले. बिलाच्या तळाशी फिटिंग (टायर रिमवर बसवणं), बॅलन्सिंग (फिरत्या चाकाचा तोल साधणं) आणि वेट (त्यासाठी चाकाला लावलेली वजनं) अशा ज्या तीन ओळी असतात, त्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. या ओळी बिलात शिरल्या कशा, ते बघायचं तर गेल्या पंचवीस वर्षांकडे बघावं लागतं. त्याआधी त्या नव्हत्याच.

भारतात टायर बनू लागला १९३६ साली, हुगळीकाठच्या साहागंजला. त्यानंतरची पन्नास वर्षं इथे भरभर उलटली तरी चालतील. अँबॅसडरला ५.९०-१५, पद्मिनीला ५.२०-१४, दोन्ही आत ट्यूब असलेले. टायर उतरवायचं काम पंक्चरवाल्याचं. दोन टॉमी (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), एक घण, साबणाचं पाणी आणि टायरच्या कडेवर उभं राहून टाचेनं दिलेला दाब, एवढ्यावर टायर रिम सोडायचा. हायवेवर ही दुकानं बहुतेक केरळी माणसं चालवायची, आणि मजुरी असायची चहा-बिडीच्या हिशेबातली. नवा टायर घेतला तर तीही नाही. दुकानदार पोऱ्याला हाक मारायचा, ‘बसवून दे रे.’ बसवण्याला किंमत नव्हती असं नाही, ती टायरच्या किमतीत मुरलेली होती.

आणि बॅलन्सिंग? गाडी ताशी पन्नासच्या वर जातच नव्हती तर कोण करणार बॅलन्सिंग! डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिची चाकं १२ इंची, हलकी. पुढे नायलॉनचे टायर जाऊन रेडियल टायर आले. तरी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये बोरघाट चढणाऱ्याला चाकाचा तोल बिघडल्याचं कळायला काही मार्गच नव्हता. रस्ता स्वतःच एवढा हादरवायचा की चाकाच्या हादऱ्याला वेगळी ओळख नव्हती.

ती ओळख मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानं करून दिली, असं माझं मत आहे. २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला आणि पुण्या-मुंबईची साधी कुटुंबं पहिल्यांदाच तासभर सलग ऐंशी-नव्वदच्या वेगानं गाडी हाकू लागली. मग स्टिअरिंग थरथरू लागलं. साधा हिशेब बघा. १४ इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असेल, तर ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला सोळा वेळा सुमारे पाच किलोचा ठोसा मारतो. वेग निम्मा केला की ठोसा पावपट होतो, म्हणजे सव्वा किलोवर येतो. गावातल्या गावात फिरणाऱ्याला तो जाणवत नाही. थरथर हातात आली तर पुढचं चाक, सीटखाली आली तर मागचं, हे आडाखे गाडीवाल्यांच्या तोंडी आले ते याच काळात.

त्याच सुमारास ट्यूबलेस टायर आणि मिश्रधातूच्या अलॉय रिम आल्या. ट्यूबलेसची सगळी हवा टायरच्या कडेवर टिकते. तिला टॉमीचा ओरखडा गेला की गळती सुरू. अलॉयवर टॉमी लावली तर चरे मालकाच्या काळजावर. त्यामुळे टायर चढवा-उतरवायचं यंत्र आलं, शेजारी बॅलन्सिंगचं यंत्र आलं आणि दारावर ‘कम्प्युटराइज्ड’ अशी पाटी आली. यंत्राचे हप्ते असतात, वीजबिल असतं. बसवण्याला स्वतःचा दर मिळाला तो इथे. (पाटीवर बॅलन्सिंगच्या जोडीला ‘अलायमेंट’ असतं. ते वेगळं काम. त्यात चाक गाडीला कोणत्या कोनात आहे ते बघतात, आणि बहुतेक छोट्या गाड्यांत त्यातला टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) एवढा एकच कोन फिरवता येतो. दोन्हींची सरमिसळ गिऱ्हाईकही करतं आणि दुकानदारालाही ती चालते.)

करांनी या दराशी बरीच वर्षं लपंडाव खेळला. मालावर राज्याचा व्हॅट, सेवेवर केंद्राचा सेवाकर, म्हणजे एका टायरच्या बिलात दोन सरकारं. छोट्या दुकानदारासाठी फिटिंग ‘फ्री’ लिहून मोकळं होणं सोपं होतं. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा टायरला २८ आणि नुसत्या कामाला १८ टक्के लागला. कायद्यात एकत्र दिलेल्या वस्तू-सेवेला मुख्य वस्तूचा दर लागतो. त्या न्यायानं, नवा टायर घेऊन तिथेच बसवला तर मजुरीही २८ मध्ये जाऊ शकत होती. तोच टायर ऑनलाइन मागवून दुसरीकडे बसवला तर तीच मजुरी १८ मध्ये. ऑनलाइन खरेदीमुळे टायर एकाचा आणि हात दुसऱ्याचा असं होऊ लागलंच होतं, त्यामुळे फिटिंगचा दर उघडा पडला. आता दोन्ही १८ वर आल्यानं हा पेच आपोआप सुटला.

सुटला नाही तो ग्रॅमचा. या बिलातली खरी भांडणं तिथेच होतात.

दर चाकामागे बॅलन्सिंगचा एक आकडा ठरलेला असतो. त्यावर, चाकाला जेवढं वजन लावलं त्याचे ग्रॅमनुसार वेगळे पैसे. लोखंडी रिमला कडेवर ठोकून बसवायचं वजन, अलॉयला आतून चिकटवायची पाच-पाच ग्रॅमच्या तुकड्यांची पट्टी. माझ्याकडच्या पावत्यांत दीड रुपयापासून तीन रुपये ग्रॅमपर्यंत दर दिसतात. शिशाचा घाऊक भाव किलोला दोनशेच्या आगेमागे असतो, म्हणजे ग्रॅमला वीस पैसे. (युरोपात चाकावरची शिशाची वजनं २००५ मध्येच बंद झाली.) दुकानदार म्हणतो, धातूचे पैसे कोण घेतंय, आम्ही क्लिपचे, चिकटपट्टीचे, वाया गेलेल्या तुकड्यांचे आणि मशीनचे घेतो. म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मशीनचे पैसे बॅलन्सिंगच्या ओळीत आधीच लागलेले असतात.

खरा आक्षेप दरापेक्षा त्यामागच्या गणिताला आहे. चाक जितकं बेतोल, तितकी कमाई जास्त. म्हणजे कमी वजनात तोल साधण्यात ज्याचं कसब, त्याचंच नुकसान. नव्या टायरवर पुष्कळदा एक पिवळा ठिपका असतो. टायरचा सगळ्यात हलका भाग तो. हा ठिपका व्हॉल्व्हसमोर आणून टायर चढवला की रिमची जड बाजू आणि टायरची हलकी बाजू एकमेकांना झाकतात. याला जास्तीचे दहा सेकंदही लागत नाहीत. तरी आठवून बघा, शेवटच्या वेळी तुमचा ठिपका कुठे होता?

गेल्या पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका दुकानात मी मशीनशेजारीच उभा राहिलो. पोरानं चाक चढवलं, मोजपट्टी ओढून रिमचं अंतर घेतलं, व्यास टाकला, रुंदी मात्र आधीच्या गाडीचीच राहू दिली. झाकण पाडलं, चाक फिरलं, आकडे आले : आत ४५, बाहेर ३०. पोरगा पट्टी तोडायला लागला.

‘थांब,’ मी म्हणालो. ‘आधी जुनं वेट काढ ना.’

‘काका, त्याच्यावरच अ‍ॅडजस्ट होतं.’

‘काढ तरी. आणि आत चिखल बघ.’

पक्कडीनं जुनी दोन वजनं निघाली. रिमच्या आतून स्क्रू-ड्रायव्हरनं वाळक्या मातीचा बोटभर जाड पापुद्रा खाली पडला. रुंदी कॅलिपरनं मोजून टाकायला लावली. पुन्हा फिरवलं : आत १५, बाहेर १०. पोरानं माझ्याकडे बघितलंच नाही, मालकानं मात्र गल्ल्यावरून बघितलं. रुंदी चुकली की आत-बाहेरच्या वजनाची वाटणी चुकते, पहिलं वेट लावून शून्य येत नाही, मग आणखी एक लागतं. यात लबाडीच असते असं नाही. घाई असते. पण एकेका घाईचे पैसे गिऱ्हाईकच भरतं. शिवाय बहुतेक मशीन पाच ग्रॅमच्या आतला फरक शून्यच दाखवतात, त्यामुळे पडद्यावरचं ‘०० ००’ म्हणजे तंतोतंत तोल असंही नाही.

काही दुकानांनी मधे ग्रॅमचा हिशेब सोडून ‘वेटसह’ एकच दर लावला होता. आमच्या भागातलं असं एक दुकान वर्षभरात पुन्हा ग्रॅमवर आलं. मालकाचं कारण असं, की शेजारचा कमी दराची पाटी लावतो आणि ग्रॅममध्ये वसूल करतो, मग गिऱ्हाईक माझी पाटी बघून पुढे जातं.

बाकी बदल वेगानं होताहेत. ट्यूबलेस, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या मोटारींना स्टेपनी बाळगण्यापासून १ ऑक्टोबर २०२० ला सूट मिळाली, त्यामुळे पाच चाकांचं काम तेवढ्या गाड्यांपुरतं चारवर आलं. दाबाचे सेन्सर चाकात असतील तर टायर उतरवताना ते जपावे लागतात. चाकं मोठी झाली, टायरच्या भिंती बुटक्या झाल्या. १७-१८ इंची ताठ टायर चढवायला मशीनला जादा हात लागतो, म्हणून दरपत्रकं आता इंचावर लिहिली जातात : १३ ते १५ चा एक दर, १६-१७ चा दुसरा, त्यावर तिसरा.

सप्टेंबरनंतर मी एकदा त्याच दुकानात जाऊन आलो. ‘जीएसटी घटला’ असा नवा फ्लेक्स लागलाय. त्याच्या खाली जुनीच पाटी आहे, तिसऱ्या ओळीत बारीक अक्षरात वेटचा दर. तेवढा खडूनं लिहिलेला.